आई पुण्याहून जर्मनीला पार्सल पाठवतेय. कस्टममध्ये अडकू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच मास्टर्ससाठी जर्मनीत आलात, आई एकाच खोक्यात फराळ, कुकर, रजई, कपडे, एक नवी साडी आणि सर्दी-तापाची औषधं भरतेय आणि कुरिअरवाला म्हणतोय, "किंमत दहा डॉलर टाकू, चालतं." मी बरीच वर्षं श्टुटगार्टजवळ राहते, दर दिवाळीला माझ्याकडे पार्सल येतं. माझं म्हणणं एवढंच, की हे सगळं एका खोक्यात पाठवू नका. पार्सल अडकणार की सुटणार, हे बरंचसं पुण्यात फॉर्म भरतानाच ठरतं.

आधी औषधं बाहेर काढायला सांगा. युरोपियन युनियनच्या बाहेरून खाजगी व्यक्तीला पोस्टाने किंवा कुरिअरने औषधं मागवता येत नाहीत. साधी तापाची गोळीसुद्धा नाही, आयुर्वेदिक असली तरी नाही. प्रवासात स्वतःच्या बॅगेतून स्वतःपुरती आणता येतात, तेव्हा पुढच्या फेरीला आणा. तोवर इथलं फार्मसीचं दुकान आहेच.

आता फराळ. तेलात तळलेली चकली, शेव, कडबोळी, चिवडा खुशाल येऊ द्या. पेढे, बर्फी, खवा, तुपाचा डबा नको, कारण दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून पार्सलने आणायला बंदी आहे. तुपातल्या लाडवांच्या भानगडीत मी पडत नाही. इथे बुटरश्माल्झ नावाचं तूप कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, बेसन भारतीय दुकानात. लाडू घरीच वळते. ताजा कढीपत्ता, बिया, रोपं यांना वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, ते आई कुठून आणणार?

कुकर आणि कपड्यांसाठी एक सवलत आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचे कपडे, अभ्यासाचं साहित्य आणि खोलीत लागणारं नेहमीचं घरसामान स्वतःच्या वापरासाठी असेल तर करमाफ येतं. युनिव्हर्सिटीचं प्रवेशाचं सर्टिफिकेट दाखवायची तयारी ठेवा. खाद्यपदार्थ यात धरत नाहीत, म्हणून हे खोकं वेगळं करा. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर मात्र आधी खोलीतली शेगडी बघा, इंडक्शनवर तो तापणारच नाही. आणि रजई इथेच घ्या. बरेच कुरिअरवाले आकारमानावरून वजन लावतात, लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. म्हणजे ५० × ४० × ४० चं हलकंफुलकं खोकंसुद्धा १६ किलोचं बिल होऊन बसतं.

फराळ आणि साडी भेट म्हणून येऊ द्या. घरच्या माणसाने घरच्या माणसाला, पैसे न घेता, अधूनमधून पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत माफ असते. ही मर्यादा ओलांडली तर सगळ्या खोक्यावर कर लागतो असा समज आहे, तो चूक. वस्तू एकेक करून बघतात, फक्त एका वस्तूचे तुकडे करत नाहीत. समजा फराळ ३० युरोचा आणि साडी ६० ची. फराळ सुटतो, साडीवर मात्र पूर्ण ६० वर कर बसतो, ४५ वजा करून नव्हे. ७०० युरोपर्यंतच्या भेटींना सरसकट दर असतो, तो जास्तीत जास्त १७.५ टक्के, म्हणजे साडीचे साडेदहा युरो. एवढ्यासाठी दहा डॉलरचं खोटं कशाला लिहायचं? खोक्यात साडी दिसतेय आणि कागदावर दहा डॉलर, म्हणजे त्यांना शंका यायला तुम्हीच जागा दिलीत. (ऑनलाइन दुकानातून मागवलं तर हे ४५ चं गणित विसरा. १ जुलै २०२१ पासून तिथे अगदी स्वस्त वस्तूवरही व्हॅट आहे.)

फॉर्मवर नुसतं "फूड आयटम्स" लिहू नये. चकली ५०० ग्रॅम, चिवडा १ किलो, साडी १ नग, असं प्रत्येकाच्या किमतीसकट इंग्रजीत लिहावं. "गिफ्ट"वर खूण करावी. हीच यादी आईकडून फोनवरही मागवून ठेवा, कारण भेटीचं बिल नसतं आणि विचारतात तेव्हा हीच दाखवायची असते.

कागद अपुरे वाटले तर खोकं जवळच्या त्सोलआम्टात, म्हणजे कस्टमच्या ऑफिसात जातं आणि तुम्हाला पत्र येतं. त्यातली मुदत पाळा, नाहीतर पार्सल परत पुण्याला. पत्र, पासपोर्ट, यादी घेऊन जायचं. तिथे कटर हातात देतात, खोकं आपणच उघडायचं. माझ्या खोक्यातून गोडा मसाल्याची पिशवी निघाली, वर रबर बँड, नाव काही नाही, आत काळपट भुकटी. साहेबांनी ती उजेडात धरली, हुंगली, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हुंगायला दिली. मी धणे, तीळ, सुकं खोबरं असं एकेक सांगत गेले. अखेर बाईंनी "जेवणाचंच आहे" म्हणून निकाल दिला आणि सुटले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी असते, नाव आणि घटक इंग्रजीत.

पत्त्याबद्दल शेवटचं. दारावरच्या बेलच्या पाटीवर तुमचं नाव नसेल तर इथला पार्सलवाला खोकं परत नेतो. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तर आपल्या नावाखाली सी/ओ लिहून पाटीवरचं नाव टाका. आणि फॉर्मवर फोन नंबर जर्मनीतला द्या, आईचा नको.