बॅनकबर्नला लहान सैन्य कसे जिंकले?

प्रश्न : १३१४ साली बॅनकबर्न येथे संख्येने कमी असलेल्या स्कॉटिश सैन्याने इंग्लंडच्या राजाला कसे हरवले? त्यामुळे स्कॉटलंड लगेच स्वतंत्र झाला का?

उत्तर : २४ जूनपर्यंत कुमक न पोहोचल्यास इंग्रजांच्या ताब्यातला स्टर्लिंगचा किल्ला स्कॉटांच्या स्वाधीन करण्याचे किल्लेदाराने कबूल केले होते, म्हणून इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड मोठी फौज घेऊन उत्तरेकडे निघाला. २३ जूनला हेन्री द बोहुन हा इंग्रज सरदार भाला रोखून स्कॉटांचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्यावर चालून गेला. हलक्या घोड्यावर बसलेल्या ब्रूसने ऐन वेळी बाजूला होत कुऱ्हाडीच्या एका घावात त्याचे डोके फोडले, आणि त्या घावाने कुऱ्हाडीचा दांडाही मोडला. हा प्रसंग गाजला खरा, परंतु माझ्या मते निकाल लावला तो जमिनीने. इंग्रजांनी रात्री ओढ्यांमधल्या पाणथळ सखल भागात तळ दिला, आणि दुसऱ्या दिवशी लांब भाल्यांच्या दाट फळ्या करून स्कॉटिश पायदळ पुढे सरकू लागले, तेव्हा त्या चिंचोळ्या जागेत घोडदळाला ना पसरता आले, ना नीट मागे फिरता आले. इंग्रज धनुर्धाऱ्यांना कीथ या स्कॉटिश सरदाराच्या स्वारांनी उधळून लावले. एडवर्ड डनबारला पळाला.

स्वातंत्र्य मात्र लगेच पदरात पडले नाही. ब्रूसचे राजेपद इंग्लंडने मान्य केले ते १३२८ च्या तहात. लगेच जे मिळाले, तेही थोडे नव्हते : १३०६ पासून इंग्रजांच्या कैदेत असलेली ब्रूसची राणी एलिझाबेथ आणि मुलगी मार्जरी यांची, लढाईनंतर पकडलेल्या हेरफर्डच्या अर्लच्या (एका बड्या इंग्रज सरदाराच्या) बदल्यात सुटका झाली.