पाच नळजोड, पाच मीटर: पैसे कधी वसूल होणार?

प्रश्न: वाघोलीतल्या सोसायटीत आम्ही दोघंच, निवृत्त नवरा-बायको राहतो. पाण्याचे महिना १,५०० रुपये सगळ्या फ्लॅटना सारखेच, त्यातले १,२०० टँकरचे. आता फ्लॅटनिहाय मीटरचा ठराव येतोय. फ्लॅटमध्ये पाणी वेगवेगळ्या पाच नळजोडांतून येतं, म्हणून पाच मीटर, मिळून २०,००० रुपये, शिवाय रीडिंगचे महिना १००. लेक-जावई आणि दोन नातवंडं वर्षातले दोन महिने आमच्याकडे असतात. हो म्हणावं का?

उत्तर: ठरावाला हो म्हणा, या कोटेशनला नको.

तुमची तक्रार रास्त आहे. माणशी रोज १३५ लिटर धरले तर तुम्हा दोघांना महिन्याला साधारण ८,१०० लिटर लागतात, चौघांच्या घराला १६,२००. सोसायटीतलं सरासरी घर चौघांचं असेल, तर मीटरवर तुमचा टँकरचा वाटा ६०० होईल. रीडिंगचे १०० वजा जाता महिना ५०० वाचतील. पंपाची वीज वगैरेचे ३०० तसेच राहतील. महापालिकेची पाणीपट्टी मिळकतकराबरोबर वेगळी येते, ती या मीटरने घटणार नाही.

वर्षाला ६,००० वाचले की सव्वातीन-साडेतीन वर्षांत वसुली, असं सभेत सांगितलं जाईल. तुमच्या घरी तसं होणार नाही. सहा माणसं असतात त्या दोन महिन्यांत टँकरचा वाटा १,८०० होईल, म्हणजे आजच्यापेक्षा रीडिंगसह दरमहा ७०० जास्त. दहा महिन्यांच्या ५,००० मधून हे १,४०० गेले की वर्षाची बचत ३,६०० उरते. २०,००० वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतील. तेवढ्यात फ्लॅट विकायचा किंवा लेकीकडे जायचा विचार असेल, तर हा खर्च अंगावर पडेल.

खरी अडचण पाच नळजोडांची आहे. प्लंबरला डक्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) नेऊन दाखवा: शेजारी-शेजारी असलेले जोड मीटरच्या आधी एकत्र होतात का? मीटर तीनवर आले आणि जोडाजोडीचा खर्च फार नसेल, तर १२,००० रुपये सव्वातीन वर्षांच्या आसपास निघतील. तेवढं मला पटतं.

तरीही ठरावाला हो का? कारण आज पाणी वाचवणाऱ्याला काहीच मिळत नाही. तुमच्याकडे घरटी १६,००० पैकी समजा १०,००० लिटर टँकरचं असेल आणि बाकीचं बोअरचं व नळाचं. सगळ्यांनी दहा टक्के वापर कमी केला तर ती सगळी कपात टँकरमधून होते आणि टँकरचं बिल सोळा टक्क्यांनी उतरतं. त्याचा फायदा तुम्हालाही मिळेल. मात्र मीटर सर्व फ्लॅटना एकदम हवेत. निम्म्याच घरांना बसवले तर हिशेब जुळणार नाही आणि भांडणं होतील.

त्याआधी गच्चीच्या टाकीतून निघणाऱ्या मुख्य लाइनवर मीटर बसवून महिनाभर नोंद ठेवायला सांगा. फ्लॅटच्या मीटरची बेरीज त्या आकड्याशी कधीच तंतोतंत जुळत नाही. गळती असते, आणि थेंब-थेंब गळणारं पाणी साधा मीटर मोजतही नाही. हा फरक कुणी भरायचा, बंद पडलेल्या मीटरचं बिल कसं काढायचं आणि दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, हे ठरावातच लिहून घ्या. एक गोष्ट आजच करा: फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका. फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला तर व्हॉल्व्ह गळतोय. तो मीटर येण्याआधी बदलून घ्या.