मुलगी पहिलीला जाणार, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतो. जवळची महापालिका शाळा तिला सामावून घेईल का, हे कसं ओळखावं?

रंगवलेल्या भिंती आणि डिजिटल फळा पाहून ठरवू नका. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दोनदा जा, एकदा शाळा भरताना आणि एकदा खिचडी वाढताना. शाळेचा स्वभाव कळतो तो अडचणीतल्या मुलाशी ती कशी वागते त्यावरून.

चार दिवस बुडवून आलेल्या मुलाकडे लक्ष ठेवा. "कुठे होतास?" असं सगळ्या वर्गासमोर दरडावलं की पुढच्या वेळी ते आठवडाभर येत नाही. जाणत्या बाई आधी त्याला जागेवर बसवतात, झालेला धडा शेजारच्या मुलाला दाखवायला सांगतात आणि कारण मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारतात. मूल सलग दोन-तीन दिवस आलं नाही तर घरी फोन कोण करतं, हेही विचारा. उत्तरात एखादं नाव आलं तर समजा की ते काम खरोखर कुणाकडे तरी आहे.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा भाषेचा. मुलगी चित्राकडे बोट दाखवून "याडी" म्हणाली, तर बाईंनी "हो, आई. आई काय करतेय?" असं बोलणं पुढे न्यायला हवं. "नीट मराठीत बोल" म्हटलं की मूल गप्प बसतं. मग त्या गप्प बसण्यालाच "हिला काही येत नाही" असं समजलं जातं आणि ती मागच्या रांगेत जाते. सुरुवातीचे काही महिने बोलीतलं उत्तर चालवून घेणार का, हे वर्गशिक्षकांना सरळ विचारा. तुमच्या बोलीतले रोजचे पंधरा-वीस शब्द, विशेषतः लघवी, तहान, दुखणं यांचे, त्यांना लिहून द्या. फार उपयोगी पडतात.

शौचालय स्वतः जाऊन पाहा. मुलींसाठी वेगळं असणं कायद्याने बंधनकारक आहेच, पण कडी लागते का, आत पाणी आहे का, आणि कुलूप असेल तर किल्ली कुठे? सहा वर्षांचं मूल ऑफिसात किल्ली मागायला जात नाही. ते दिवसभर पाणी प्यायचं टाळतं.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. शहरात अन्न बहुधा बाहेरून शिजून येतं, म्हणून चवीची नोंदवही, म्हणजे वाढण्याआधी अन्न चाखून पाहिल्याची नोंद, रोज भरली जाते का ते बघा. लहानग्यांना आधी वाढतात की मोठी मुलं पुढे घुसतात, दुसऱ्यांदा मागणाऱ्याला काय ऐकावं लागतं, हेही तिथेच दिसेल.

शिक्षकांची संख्या विचाराच. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन, 61 ते 90 साठी तीन शिक्षक लागतात. पण निवडणूक, जनगणना अशा कामांना शिक्षक जातात तेव्हा पहिलीचा वर्ग कोण घेतं, यावर खरी परीक्षा असते. मोठ्या वर्गात नेऊन नुसतं बसवतात, असं उत्तर आलं तर पहिलीचं वाचन मागे पडणार.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. शेवटची सभा कधी झाली आणि त्यात काय ठरलं, हे एखाद्या सदस्य आईला विचारा. इतिवृत्तावर फक्त सह्या घरोघरी फिरून घेतल्या असतील, तर तिथे पालकांचं ऐकलं जात नाही. मजुरीवर जाणाऱ्यांना जमेल अशी संध्याकाळची वेळ ठेवणारी शाळा मला नेहमी जास्त भरवशाची वाटते.

प्रवेशासाठी परीक्षा घेता येत नाही आणि जन्माचा दाखला नाही म्हणून परतही पाठवता येत नाही. छडी आणि मानसिक त्रास दोन्हींना कायद्याने बंदी आहे. सगळ्यांसमोर "ढ" म्हणणं हाही त्रासच.

जूनआधी शाळापूर्व तयारीचा मेळावा असेल तर मुलीला घेऊन जा. वर्ग, नळ, शौचालय दाखवून आणा. पहिल्या आठवड्यात तिची नजर चुकवून निघू नका, घ्यायला कोण आणि कधी येणार ते सांगून निघा. काही खटकलं तर आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग मुख्याध्यापकांशी. तरीही काही झालं नाही तर समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.