नवीन गॅरेज टाकतोय. जळकं ऑईल, बॅटऱ्या आणि पोरांच्या सेफ्टीसाठी आधी खर्च कशावर करू?

तुम्ही लिहिलंय की उदगीरला भाड्याच्या जागेत दुचाकी आणि छोटा हत्ती दुरुस्तीचं गॅरेज टाकताय, हाताखाली दोन पोरं आहेत, मागे घरमालकाची बोअर आहे आणि भांडवल जेमतेम. माझं गॅरेज लातुरात आहे, याच धंद्यात केस पिकले. त्यावरून सांगतो.

बोर्ड, रंग, रॅक सगळं नंतर. आधी पैसा जमिनीत घाला, म्हणजे सिमेंटचा पक्का कोबा करून घ्या. उतार रस्त्याकडच्या नालीकडे नको, आत एका कोपऱ्यातल्या छोट्या खड्ड्याकडे ठेवा आणि तो खड्डाही सिमेंटचा करा. मातीत सांडलेलं ऑईल दिसेनासं झालं की लोकांना वाटतं, जिरलं, विषय संपला. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी भेगांमधून फिरतं, वाळूतल्यासारखं गाळून निघत नाही. तेल एकदा त्या भेगेत उतरलं की बोअर साफ करायचा कुठलाही सोपा उपाय नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा बोअरची किंमत आपल्या भागात कुणाला वेगळी सांगायला नको. घरमालकाशी करार करण्याआधीच बोला, कोब्याचा खर्च भाड्यात वळता करून घेता येतो.

आता जळकं ऑईल, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑईल. गॅरेज सुरू झालं की मागणारे आपोआप येतील. सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला मागतात, शेतकरी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, आणि वीटभट्टीवाला तर अख्खा ड्रम उचलायला तयार असतो. देऊ नका. इंजिनात झिजलेला धातू त्या ऑईलमध्ये उतरलेला असतो, भट्टीत जाळलं की तो धुरात जातो. २०१६ च्या घातक कचरा नियमांत जळकं ऑईल धरलेलं आहे. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायचं आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. एका ड्रमसाठी कुणी उदगीरपर्यंत गाडी पाठवणार नाही, हेही खरं. म्हणून आजूबाजूच्या चार-पाच गॅरेजवाल्यांना धरा, एकत्र माल दाखवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय लातुरात आहे, तिथे यादी मागा. पावती जपून ठेवा. त्या ड्रममध्ये पेट्रोल, थिनर, कूलंट किंवा पाणी काहीही ओतू नका, मिसळलेला माल कुणी घेत नाही. ऑईल फिल्टर लगेच भंगारात फेकू नका. भोक पाडून ड्रमवर उलटा ठेवा, रात्रभर निथळू द्या. सकाळी त्यातून किती निघतं ते बघून पोरंच पुढच्या वेळी न सांगता ठेवतील.

कूलंटचा डबा उघडा ठेवू नका. चवीला गोड असतं, शेळ्या-कुत्री येऊन चाटतात आणि मरतात. गल्लीत भांडण नको असेल तर झाकण लावा.

बॅटरी सोपी आहे. नवीन घेताना जुनी दुकानातच जमा करा. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवरच आहे. वजन कमी करायला ॲसिड नालीत ओतून मग विकणारे असतात, त्यांच्यातले होऊ नका. चार्जिंग उघड्या हवेत करा, कारण तेव्हा पेट घेणारा वायू निघतो. विडी-सिगारेट लांब. ॲसिड सांडलं तर आधी खायचा सोडा टाका.

पोरांबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण जे घातक आहे ते त्यांना झटपट काम वाटतं. ब्रेकचा ड्रम उघडला की पोरगं कॉम्प्रेसरची हवा मारतं आणि सगळी काळी धूळ त्याच्याच तोंडावर येते. काही लायनरमध्ये अजूनही ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि कुठल्यात आहे ते नुसतं बघून कळत नाही. ओल्या फडक्याने पुसायला लावा, खर्च शून्य. पेट्रोलने हात धुणं पहिल्या दिवसापासून बंद ठेवा, साबण आणि लाकडाचा भुसा पुरतो. थंडीत शटर अर्धं ओढून इंजिन चालू ठेवायचं नाही, त्या धुरातल्या विषारी वायूला वासही नसतो.

कोब्यानंतरचा खर्च घोडीवर करा, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायच्या लोखंडी स्टँडवर. चांगल्या दोन घ्या. छोटा हत्ती हलका आहे म्हणून नुसत्या जॅकवर उचलून पोरगं खाली सरकतं. जॅकचं सील कधी सुटेल सांगता येत नाही. घोडी लागल्याशिवाय आणि चाकामागे अडणीचा ठोकळा टाकल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही, मग गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं तरी.

आग विझवायचा सिलिंडर दाराजवळ लटकवा. आत कोपऱ्यात ठेवला तर आग लागल्यावर तिथपर्यंत जाणार कोण? आणि कुणी डिझेलची रिकामी टाकी वेल्डिंगला घेऊन आलं तर सरळ परत पाठवा. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि तिचाच स्फोट होतो. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर जाऊ द्या.