झेड-फोर १८ लाखांची. तुमची ‘एफडी’ कितीची?

पुण्याहून एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ३७, हिंजवडीत नोकरी, हातात येणारा पगार १ लाख ७५ हजार. मुलगी पाच वर्षांची, तिच्यासाठी पत्नीने नोकरी सोडली आहे. रावेतच्या फ्लॅटचे ५८ लाखांचे कर्ज बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के, हप्ता ५२ हजार. त्यांना बीएमडब्ल्यूची झेड-फोर घ्यायची आहे. गाडी २०१४ची, तीन लिटर ट्विन टर्बो, छप्पर घडी होणारी, ५१ हजार किलोमीटर चाललेली, दिल्ली पासिंग. तिसरा मालक विकतो आहे. डीलर २९ लाख मागतो, ‘तुमच्यासाठी २८’ म्हणतो. प्रश्न एका ओळीचा: २८ योग्य आहेत, की २६वर अडून बसू?

२८ही नाहीत आणि २६ही नाहीत. माझा आकडा १७ ते १९ लाख. तो कसा आला ते आधी सांगतो, मग पत्राच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदाकडे वळू, कारण खरे घोडे तिथे पेंड खाते.

नव्या गाडीचे ७० लाख धरून तुम्ही वर्षाला साडेतीन लाख घसारा वजा केलात. १२ वर्षांचे ४२ गेले, उरले २८. डीलरही २८च म्हणतो, म्हणून तुम्हाला हायसे वाटले. आता तेच ७० लाख दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १० टक्क्यांनी उतरवून बघा, २० लाखांच्या आत येतात. १५ टक्क्यांनी उतरवा, १० लाख राहतात. एकाच गाडीची किंमत १० पासून २८पर्यंत काहीही दाखवणाऱ्या सूत्राला मी हिशेब म्हणत नाही. हवा तो आकडा आधी मनात धरून त्याला जुळेल तो दर निवडण्याचा हा प्रकार आहे.

विम्याच्या कागदावर आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा उतरवलेली किंमत, २७ लाख आहे, हा तुमचा दुसरा पुरावा. नव्या गाडीची आयडीव्ही ठरलेल्या तक्त्याने उतरते आणि पाचव्या वर्षापर्यंत निम्मी होते. त्यानंतर ती कंपनी आणि गाडीमालक यांच्या संमतीने ठरते. विकायच्या आधी चार-पाच हजार जादा हप्ता भरून आयडीव्ही फुगवून घेणे ही डीलर मंडळींची जुनी सवय आहे. शिवाय आयडीव्ही पूर्ण मिळते ती गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर. नुसता बंपर फुटला तर १२ वर्षांच्या गाडीला झिरो-डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, सहसा कोणी देत नाही. प्लास्टिक-रबराच्या भागांचे निम्मे पैसे तुमचे, आणि दहा वर्षांवरच्या गाडीत धातूच्या भागांचेही निम्मे तुमचेच. या गाडीचा एक हेडलाइट काय किमतीला पडतो ते एकदा विचारून या.

किंमत ठरते ती तशीच गाडी खरोखर कितीला गेली यावरून. तुम्ही तीन जाहिराती पाठवल्यात: २६, साडेसत्तावीस आणि ३१ लाख. तिन्ही महाराष्ट्र पासिंग, तिन्ही दुसऱ्या मालकाकडे. ३१वाली आठ महिने पडून आहे असे तुम्हीच लिहिता, म्हणजे ती किंमत कोणी देत नाही. ती बाजूला ठेवा. २६ ही मागितलेली किंमत आहे, व्यवहार २४च्या आसपास होईल. आता तुमच्या गाडीपुरती वजाबाकी करू. दिल्लीहून एनओसी आणून इथे पुन्हा नोंदणी करायची, तर महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागेल. ही गाडी बाहेरून तयार होऊन आलेली असल्यामुळे नव्या गाडीला २० टक्के हा दर असतो, वयाप्रमाणे तो कमी होत जातो. मी ४ लाख धरतो. नेमका आकडा डीलरकडून लेखी घ्या आणि तोच वजा करा. दिल्लीत भरलेल्या करातला काही परतावा मिळतो, पण तो मिळवायला जे हेलपाटे पडतात ते पाहता मी तो हिशेबात धरत नाही. राहिले २०. तिसरा मालक, म्हणून आणखी एक लाख कमी. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे निदान दोन. १७ आले. तिथून बोली सुरू करा. गाडी अगदी निरोगी निघाली तर १९, त्यावर एक रुपया नाही.

दुरुस्तीचे दोन लाख हवेतून काढलेले नाहीत. हे एन५४ इंजिन, ३०६ अश्वशक्तीचे, चालवायला झकास आणि सांभाळायला खर्चिक. त्याच्या हाय-प्रेशर इंधन पंपासाठी कंपनीने ऑक्टोबर २०१०मध्ये अमेरिकेत गाड्या परत बोलावल्या होत्या. तुमची गाडी त्यानंतरची आहे, तरी पंप आणि सहाही इंजेक्टर कधी बदलले याची बिले मागा. इलेक्ट्रिक वॉटर पंप, ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटमधून तेलगळती, टर्बोच्या वेस्टगेटचा खडखडाट आणि छपराचे हायड्रॉलिक्स हे चार भाग डीलरने नेमलेल्या नव्हे, तुम्ही पैसे देऊन आणलेल्या मेकॅनिककडून तपासून घ्या. छप्पर पाच वेळा उघडून बंद करायला लावा, एकदा नव्हे. रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या) टायरच्या बाजूवर बनावटीचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचा. २०१८चे निघाले तर आणखी दीड लाख वजा. चॅसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिसची नोंद काढा. ती द्यायला टाळाटाळ झाली, तर ५१ हजार किलोमीटरवर माझा विश्वास नाही.

‘ही कलेक्टर गाडी आहे, आता भाव वरच जाणार.’ हे वाक्य डीलरने तुम्हाला चहाबरोबर दिले आणि तुम्ही ते पत्रात उतरवलेत. या पिढीच्या झेड-फोर जगभरात लाखाच्या वर बनल्या. आपल्या नियमांत गाडी व्हिंटेज ठरते ५० वर्षांनी, म्हणजे तुमची २०६४मध्ये. गाडी आवडते म्हणून घ्या, त्यात काही वावगे नाही. पण तिला गुंतवणूक म्हणायचे असेल तर तो सल्ला माझ्याकडे मागू नका.

आता तो परिच्छेद. तुम्ही लिहिता: ‘पैशांची अडचण नाही. १० लाख एफडी मोडून, १८ लाख कर्ज साडेतेरा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने एफडीसारखी एक गॅरंटीड योजना दिली आहे, दर नोव्हेंबरला बोनसमधून ४ लाख भरतो. दोन हप्ते झाले. पाच वर्षांत २० लाख भरले की ३५ लाख मिळतील. म्हणजे अजून तीन वर्षांनी कारचे कर्ज एकदम संपवून उरलेले घराच्या कर्जात टाकीन.’

पाच वर्षे दरसाल ४ लाख भरून शेवटी ३५ लाख मिळायचे, तर परतावा वर्षाला १९ टक्क्यांच्या वर पडतो. गॅरंटीड. जी बँक स्वतः एफडीवर सात टक्के द्यायला कुरकुरते, तिचा माणूस तुम्हाला एकोणीस टक्क्यांची हमी देतो आणि तुम्हाला जराही शंका येत नाही? आयटीत असून, एक्सेल उघडता येत असून?

पुरावा म्हणून तुम्ही योजनेच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलात, ते बरे केलेत. त्यावर ‘एफडी’ हा शब्द कुठेही नाही. हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे. पॉलिसीची मुदत २० वर्षे. विमा रक्कम ४० लाख. मुदतीअखेर मिळणार ८६ लाख. ही एंडोमेंट, म्हणजे बचत जोडलेली विमा पॉलिसी आहे. ४० लाख भरून विसाव्या वर्षी ८६ लाख म्हणजे वर्षाला पाच टक्के. आणि पाचव्या वर्षी पैसे मागितलेत, तर नियमाप्रमाणे हमीचे सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच बंद केल्यावर मिळणारी रक्कम) भरलेल्या हप्त्यांच्या निम्मे, १० लाख. कंपनी त्याहून जास्त देते ते स्पेशल सरेंडर मूल्य धरले तरी माझ्या अंदाजाने १५च्या आसपास. ३५ लाख ही बोलाचीच कढी आहे, आणि त्या कढीच्या भरवशावर तुम्ही २८ लाखांचा भात शिजवायला निघाला आहात.

तीन वर्षांनी कारच्या कर्जाचे पावणेनऊ लाख बाकी असतील. ते फेडायला येणारा पैसाच नाही. मग हा व्यवहार पगारातून झेपतो का? घराचा हप्ता ५२ हजार, कारचा साडेएकेचाळीस, एसआयपी १५, घरखर्च ६५. बेरीज १ लाख साडेत्र्याहत्तर हजार. महिन्याला दीड हजार शिल्लक. त्यात पेट्रोल नाही, वर्षाचा पाऊण-एक लाखाचा विमा नाही, सर्व्हिस नाही. हे सगळे धरले तर गाडी महिन्याला आणखी २५ हजार खाईल. आणि अडीनडीला ठेवलेली ११ लाखांची एफडी, तीही तुम्ही मोडणार. उद्या कंपनीने नारळ दिला तर खात्यात एक लाख, दारात दोन सीटची गाडी. कारच्या कर्जाचे पाच वर्षांचे व्याज जवळजवळ सात लाख होते, ते मी वेगळे उगाळत नाही.

म्हणून गाडीचा विषय आज बंद. डीलरला दिलेले टोकनचे ५० हजार लेखी परत मागा. एनओसी तयार नसेल किंवा सर्व्हिसची नोंद दिली नसेल तर तेच कारण लिहा. मिळाले तर उत्तम.

पॉलिसीचा तिसरा हप्ता येत्या नोव्हेंबरात आहे, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात दोन आकडे विमा कंपनीकडून, बँकेकडून नव्हे, लेखी मागवा: आज सरेंडर केली तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती. ऑक्टोबर २०२४पासून सरेंडरचे नियम ग्राहकाच्या बाजूने थोडे सुधारले आहेत, आणि तुमची पॉलिसी नोव्हेंबर २०२४ची. दहापैकी दोनच हप्ते भरलेत, म्हणून पेड-अप म्हणजे ८६ लाखांचे साधारण दोन दशांश, १८ वर्षांनी १७ लाख. आज सरेंडर केलीत तर भरलेल्या ८ लाखांचे ५ च्या आसपास मिळावेत. तीन लाख गेले. दुखेल.

आता पुढचे बघा. ते ५ लाख आत ठेवून आणखी आठ हप्ते भरत राहिलात, तर इथून पुढचा परतावा पावणेसहा टक्के. करमुक्त आहे हे मान्य. पण तुमच्याच घराच्या कर्जावर साडेआठ टक्के चालू आहेत, आणि वाचलेल्या व्याजावरही कर लागत नाही. बदलत्या व्याजदराचे (फ्लोटिंग) कर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही. जाता जाता: रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये रेपो दर सव्वा टक्क्याने उतरवला, तरी तुम्ही अजून साडेआठवर का? थोडे शुल्क भरून दर कमी करून मिळतो, त्यासाठी अर्ज करावा लागतो. ५८ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे पहिल्याच वर्षी २९ हजार.

सरेंडरची घाई मात्र करू नका. त्या पॉलिसीतले ४० लाख आणि कंपनीचा २० लाखांचा गट विमा, एवढेच तुमचे विमाछत्र आहे, आणि कर्जच ५८ लाख. आधी साठीपर्यंतचा दीड कोटीचा टर्म विमा घ्या. प्रकृती चांगली असेल तर वर्षाला २५ हजारांच्या आत-बाहेर पडेल. ती पॉलिसी हातात आली की मगच जुनीचे बघा. तोपर्यंत सवलतीचे दिवस संपत आले तर अर्जावर पेड-अप लिहा.

या मार्गाने गेलात तर तीन वर्षांचे बोनस १२ लाख आणि सरेंडरचे ५, असे १७ लाख रोख तुमच्या हातात असतील, एफडीला हात न लावता. मी ते घराच्या कर्जात टाकीन. तुम्ही त्यातून गाडी घेतलीत तर मी भांडणार नाही, फक्त २०१४ची घेऊ नका. तेव्हा तिची १५ वर्षे भरलेली असतील, पुन्हा नोंदणी आणि ग्रीन टॅक्स मागे लागेल.

आठ लाखांतले पूर्ण पैसे परत मागायचा एक रस्ताही आहे. ‘५ साल, फिर ३५’ हा मॅनेजरचा व्हॉट्सॲप मेसेज तुमच्याकडे आहे असे तुम्ही लिहिता. तो पुसू नका. फसवून विकल्याची तक्रार विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे ई-मेलने करा, बिमा भरोसा पोर्टलवरही नोंदवा. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा, त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे आणि वकील लागत नाही. सही करताना कागद न वाचल्याचा मुद्दा कंपनी नक्की काढेल, त्यामुळे यश मिळेलच असे नाही. पण तक्रारीला खर्च शून्य आहे.

तक्रार गेली की मॅनेजरचा फोन येईल. ‘सर, पाचव्या वर्षी काढता येतात, मी बघतो,’ असे तो गोड आवाजात सांगेल. त्याला एवढेच म्हणा, हेच वाक्य बँकेच्या ई-मेलवरून पाठवा.