न्यू व्हेगास सुरू करतोयस तर

कोथरूडला भेटलास तेव्हा घाईत बोलणं राहिलं, म्हणून लिहितोय. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ हा व्हिडिओ गेम 2010 मध्ये आला, तेव्हा समीक्षकांनी कथेचं कौतुक केलं आणि बग्जवरून, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांवरून, झोडपलं. दोन्ही रास्तच होतं. म्हणून सेव्ह वेगवेगळ्या स्लॉटमध्ये ठेव.

गेम सुरू होतो त्या गुडस्प्रिंग्ज गावाहून उत्तरेला जाऊ नकोस, तिकडे डेथक्लॉ (राक्षसी सरडे) आणि कॅझाडोर (विषारी उडते किडे) आहेत; दक्षिणेला प्रिम गावाकडे वळ. लढाईत शत्रूच्या हेल्थजवळ लाल ढाल दिसली, तर त्याचं चिलखत तुझ्या गोळीचा जोर खातंय. नुसता ट्रिगर दाबत बसू नकोस, चिलखतभेदी गोळ्या भर. ही यंत्रणा मला फार आवडते, विचार करायला लावते. व्हॅट्समध्ये, म्हणजे शत्रूच्या ठरावीक अवयवावर नेम धरू देणाऱ्या सोयीत, सारखं डोकंच कशाला? डेथक्लॉचे पाय, कॅझाडोरचे पंख निकामी कर, म्हणजे ते मंदावतात. आणि विषावरचा उतारा जवळ असू दे.