कागदाच्या लगद्याचा मोठा हत्ती पावसात भिजला आहे. तो दुरुस्त करून पुन्हा रंगवता येईल का?

येईल, परंतु रंगाचा डबा इतक्यात उघडू नये. मंडळाचा पाच फुटी हत्ती गळक्या पत्र्याखाली भिजला, सोंड मोडली, पाठीवरच्या रंगाला पोपडे आले आणि दसऱ्यापर्यंत तो उभा करायचा आहे, असे आपण लिहिले आहे. दसऱ्याची मुदत मला अवघड वाटते. आमच्या मंडळाच्या वाघाला मी अशाच घाईने वरून कोरडा समजून ऑइलपेंट दिला होता. आतली ओल कोंडली गेली आणि महिनाभरात पोटावर फोड आले.

प्रथम हत्तीच्या सर्वांगावर बोटाने टिचकी मारून पाहावे. घट्ट भागाचा आवाज टणक येतो, भिजलेल्या भागाचा बद्द येतो. असे बद्द भाग खडूने आखून घ्यावेत. आतली ओल बाहेर पडावी म्हणून पोटाखाली, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, मूठभर आकाराचे भोक पाडून हत्ती सावलीत पंख्यासमोर ठेवावा, कारण कडक उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि तडकतो. बुरशी दिसल्यास तोंडाला मास्क बांधून ती कोरड्या ब्रशने झाडावी.

सोंडेचा मऊ पडलेला कागद घट्ट भाग लागेपर्यंत निर्दयपणे काढून टाकावा. आतली तार गंजली असेल तर ती घासून तिला रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) लावावे, अन्यथा तपकिरी डाग नव्या रंगातूनही वर येतात. बांबूची कामटी धडाच्या शाबूत भागात किमान वीतभर आत जाईल अशी बसवून सुतळीने आवळावी. कीड लागू नये म्हणून मैदा शिजवून केलेल्या खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालण्याची जुनी पद्धत आहे, पण सांगाडा लोखंडी तारेचा असल्यास ती टाळावी, कारण मोरचुदातले तांबे तारेवर बसते आणि लोखंड झिजते. अशा वेळी मी मैद्याच्या खळीऐवजी पाणी घातलेला फेव्हिकॉल वापरतो. झुरळांना आणि कागद खाणाऱ्या कसरीला त्यात खळीइतका रस नसतो.

कागद कापू नये, फाडावा. फाटलेली कड शेजारच्या कागदात मिसळून जाते. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा खाकी कागदाचा असा आलटून पालटून दिल्यास कुठे चुकले ते लगेच दिसते. एका वेळी तीनच थर द्यावेत आणि ते पूर्ण वाळू द्यावेत. जुन्या रंगावर नवा कागद नीट धरत नाही, म्हणून जोडाभोवतीचा रंग आधी पॉलिश पेपरने घासून काढावा. खळगे भरण्यासाठी लगद्यात व्हायटिंग (खडूची बारीक पूड) आणि फेव्हिकॉल मिसळावे. लगदा वाळताना आकसून कडेला भेग पडतेच, ती त्याच लगद्याचा दुसरा हात देऊन बुजवावी.

त्यानंतर पांढरा प्रायमर आणि त्यावर ॲक्रिलिक रंग. काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणातून होणारा राखाडी रंग निर्जीव दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पांढऱ्यात मिसळल्यास हत्तीचा खरा करडा मिळतो. आपल्याकडच्या हत्तींच्या कानांच्या कडेला आणि सोंडेवर गुलाबी ठिपके असतात, ते अवश्य काढावेत. निम्मा जिवंतपणा तिथेच येतो. वर मॅट वार्निशचा एक हात पुरे.

पुढच्या पावसाळ्यात हत्ती विटांवर ठेवलेल्या फळीवर, भिंतीपासून दूर उभा करावा आणि प्लास्टिकमध्ये न गुंडाळता जुन्या सुती चादरीने झाकावा.